कोहळी पिकली नाहीत तेव्हा : प्लॉटवरच्या नोंदी

२ मे

वेलाचं आता काही खरं नाही, हे आज चारही घरांनी मान्य केलं. गल्लीच्या टोकाचा रिकामा प्लॉट आम्ही मिळून कसतो. फेब्रुवारीत लावलेली कोहळी, म्हणजे लाल भोपळे, मार्चभर झकास पसरली. पण मादीफुलं दिसायला लागली तोवर एप्रिल उजाडला, आणि नागपूरचा एप्रिल कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. ऊन चढलं की या वेलाला नरफुलंच उदंड येतात. मादीफुलं मोजकी, त्यातली कितीतरी पिवळी पडून गळाली. जी धरली त्यांना पिकायला दीड महिना तरी हवा होता. तेवढा वेल टिकला नाही. बोअर आटलं, नळाच्या पाण्यावर प्लॉट भिजवणं कुणालाच पटेना, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. वरची पानं सकाळी दहालाच मान टाकतात, खालची पापडासारखी चुरतात.

फळं वेलावर ठेवण्यात आता अर्थ नाही. पानं गेली की फळाला मिळायचं ते बंद होतं, आणि सावली गेल्यामुळे साल उन्हानं भाजते ते वेगळंच. उद्या उन्हं चढायच्या आत तोडणी.

३ मे

बावीस फळं. तानकाट्यावर मिळून ३१ किलो. सगळ्यात मोठं अडीच किलोचं, सगळ्यात लहान पोराच्या मुठीएवढं. देठ दोन बोटं ठेवून कात्रीनं कापले. ओढून तोडलं की देठाच्या जागी जखम होते आणि सडणं तिथूनच सुरू होतं.

नख लावून ढीग केले. पुढचं सगळं या नखावरच अवलंबून आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. साल चकचकीत हिरवी, देठ ओला आणि नख लोण्यात जावं तसं नाही पण सहज रुततं, ती कोवळी. सालीची चकाकी गेलेली, नखाला जोर लावावा लागतो आणि रुतल्यावर चिकाचा थेंब येतो, ती मधली. सगळ्यात जास्त हीच. तिसऱ्या ढिगात फक्त चार : नखाचा नुसता ओरखडा उमटतो, देठ वाळून खरबरीत झालाय, आणि जमिनीला टेकलेल्या बाजूला पिवळसर डाग आहे.

तीन फळांवर फळमाशीचे डंख निघाले. बारीक टोचल्याची खूण आणि तिच्यावर वाळलेल्या डिंकाचा तपकिरी मणी. एक कापून बघितलं, आत अळ्या. ही फळं कंपोस्टात अजिबात टाकायची नाहीत. अळी मातीत उतरून कोष करते आणि पुढच्या वेलावर माशी होऊन हजर होते. जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून पिशवी गच्चीवर उन्हात टाकली. या उन्हात आत काही जिवंत राहायचं नाही. मग खोल खड्ड्यात पुरायची.

मधल्या ढिगातलं एक कोहळं विळीवर उभं चिरलं. गर फिकट पिवळा, सालीलगत हिरव्या रंगाची बोटाच्या पेराएवढी पट्टी. मध्ये केशरी दोरे नसतातच, पांढरट बुळबुळीत जाळी असते. बिया आकारानं पूर्ण, पण दाबल्या की चपट्या होतात, आत पाण्यासारखा गर. वास काकडीचा. कोहळ्याचा तो गोडसर वास कुठेच नाही.

समोरच्या काकू पवनीकडच्या. त्यांनी तुकडा चघळून निकाल दिला, "कोवळं कोहळं म्हणजे दुधीच नं बाप्पा. पिकायची वाट कायले पाहून राहिले तुम्ही?"

आमच्या प्लॉटवरची निम्मी चर्चा तिथंच संपायला हवी होती. संपली नाही, ते पुढे येईलच.

४ मे

नियम केला : प्रत्येक फळ चिरल्यावर आधी कच्च्या गराचा बारीक तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खं फळ फेकायचं. उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसलेल्या वेलावर दुधी, काकडी, कोहळं या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढू शकतं. त्यानं उलट्या-जुलाब होतात, जास्त गेलं तर दवाखान्यात भरती व्हायची पाळी येते, आणि ते शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊ नका असं आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं बजावलंय ते याचसाठी.

आजच एक निघालं. मधल्या ढिगातलं, बाहेरून अगदी निर्दोष. पलीकडचे भाऊ म्हणाले, कारल्यासारखं मीठ चोळून पिळून घ्या. कारलं कडूच खायचं म्हणून पिढ्यान्पिढ्या निवडत आलेलं आहे. कोहळ्याचं तसं नाही, त्यातला कडूपणा हा इशारा आहे. टाकलं. भाऊंचा चेहरा पडला, पण टाकलं.

भाजी : कोवळ्या दोघांची, सालासकट, भिजवलेली चण्याची डाळ घालून. फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात मोहरी, हिंग, लसूण, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. दुधीपेक्षा घट्ट राहते, पाणी कमी सुटतं. गूळ घातला नाही. पिकलेल्या कोहळ्याच्या सवयीनं हात गुळाकडे जातो, पण या गराला मुळात स्वतःची गोडी नाही, त्यात गूळ वेगळा पडतो. तिखटाकडे न्यावं. उद्या सावजी मसाल्याचा रस्सा.

५ मे

रस्सा फर्मास. मधल्या ढिगातल्या मोठ्या फोडी, साल काढून. उकळत्या रश्शात मोडल्या नाहीत, मसाला आत गेला. पोरांना आधी सांगितलंच नाही कशाचा आहे.

६ मे

वाद. आमच्या ह्यांचं म्हणणं, आंबे जसे कुटारात, म्हणजे भुशात पिकवतो तशी कोहळी घाला, पंधरा दिवसांत लाल होतील. भाऊंनी लगेच मान डोलावली. अर्ध्या फळांची आशा अजून कुणी सोडलेली नाही, हाच अडथळा आहे.

मुद्दा असा. आंबा झाडावरून काढतानाच त्यात भरपूर स्टार्च साठलेला असतो. आढीत घातला की इथिलीन वायूच्या जोरावर त्याची साखर होते, गर मऊ पडतो. कोहळं त्या जातीचं फळ नाही, ते इथिलीन कोंडून धडाक्यानं पिकत नाही. पूर्ण वाढलेलं कोहळं महिनाभर ठेवलं तर गोड होतं, हे खरं. पण तेही आधी साठवलेल्या स्टार्चमुळेच. आमच्या मधल्या ढिगातल्या फळांत साठाच नाही, तर साखर होणार कशाची?

तरी भांडण नको म्हणून सोय केली. तिसऱ्या ढिगातली चारही आणि ह्यांच्या पसंतीची मधली तीन, जिन्याखालच्या सावलीत कुटारावर, एकमेकांना न टेकता. बघू. मला काय होणार ते माहीत आहे, पण नोंद असलेली बरी.

उरलेल्या सगळ्यांना सावलीत फार तर आठवडा. कच्च्या फळाची साल पातळ, तिच्यातून पाणी उडत राहतं. कालच एकाचा देठाजवळचा भाग मऊ लागला. तेव्हा आता घाई.

८ मे

सांडगे. या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वात पटलेलं काम हेच, म्हणून सविस्तर.

काल रात्री एक किलो चण्याची आणि अर्धा किलो उडदाची डाळ वेगवेगळी भिजवली. आज पहाटे काकूंकडच्या जात्यावर नाही, मिक्सरवरच, पण भरड. गंध करायची नाही, गंध झाली की सांडगा आतून वाळत नाही आणि तळताना दगड होतो. मधल्या ढिगातली चार किलो कोहळी साल आणि बिया काढून किसली. किसाला मीठ लावून कोपरात, म्हणजे पसरट भांड्यात पाऊण तास ठेवलं आणि पंचात घालून पिळलं. एवढं पाणी निघालं की गंज, म्हणजे पातेलं भरलं. ते फेकलं नाही, दुपारी त्यातच ज्वारीचं पीठ, कांदा, तीळ घालून थालीपीठं लावली. मीठ त्यात आलेलंच असतं, वरून घालू नये.

डाळ, पिळलेला कीस, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, जिरं, हिंग, बारीक चिरलेला सांबार. चाखून मीठ. काकूंचं मत, सांबार घातला की सांडगा काळा पडतो. थोडा पडतो. चव मात्र त्याचीच लागते.

साडेसहाला गच्चीवर. प्लास्टिकच्या कागदाला तेलाचा हात पुसून बोटांनी सुपारीएवढे सांडगे टाकत गेलो. चार बायका, दोन पोरी आणि मध्येच येऊन "मोठे होऊन राहिले" म्हणणारे भाऊ. आठ वाजता पाय भाजायला लागले तोवर कागद भरले. पारा सध्या ४४ च्या आसपास आहे. शेतीला हे ऊन बुडवतं आणि वाळवणाला हेच लागतं, त्यामुळे कुणाला शिव्या द्याव्यात कळत नाही. दुपारपर्यंत वरचा भाग टणक झाला, संध्याकाळी कागदावरून सोडवून उलटे केले. रात्री कागदासकट खाली. गच्चीवर ठेवले तर मांजर आणि किडे.

१० मे

साध्या काचऱ्या. कोवळ्यातली उरलेली फळं सालीसकट पातळ चकत्या करून, मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, निथळून वाळत घातल्या. उकळीतून न काढता थेट उन्हात टाकल्या तर तपकिरी होतात आणि जुन्या गवताचा वास मारतो. थोड्या तशाही टाकून बघितल्या, फरक संध्याकाळीच दिसला. उकळीनं फळातली रंग बिघडवणारी एन्झाइम बंद पडतात, तेवढंच काम.

सांडगे वाजायला लागलेत. मुठीत हलवले की खडखड. एक फोडून बघितला, मध्ये अजून दमट. आणखी उन्हं हवीत.

११ मे

लोणचं. इथं सावध राहायला हवं. कोहळ्याला स्वतःचा आंबटपणा नाही. नुसत्या फोडी मसाला-तेलात घालून बरणी भरली तर वरून लोणचं दिसेल, पण तेलाखाली हवा नसते, आणि तिथं आंबट नसेल तर नको ते जंतू वाढू शकतात. कैरीच्या लोणच्याचे दिवस आहेतच, म्हणून निम्म्या फोडी कैरीच्या, वरून लिंबाचा रस. कोहळ्याच्या फोडींना आधी मीठ लावून पाणी काढलं, एक ऊन दिलं. मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, गरम करून गार केलेलं फल्ली तेल. तरीही हे बरणीत वर्षभर ठेवायचं लोणचं नाही. फ्रिजमध्ये, आणि जून सरायच्या आत संपवायचं. चारही घरांत हे स्पष्ट सांगितलं, झाकणावर तारीख टाकली.

१४ मे

पोरींच्या आग्रहाखातर पेठा. पेठा पांढऱ्या कोहळ्याचा, आग्ऱ्याचा तोच प्रसिद्ध. पण टणक, बिनगोड गर हीच त्याची गरज असेल तर आमची मधली फळं काय वाईट?

खायचा चुना इतवारीतून. लिटरभर पाण्यात चमचाभर चुना ढवळून ठेवला, गाळ बसल्यावर वरची निवळी घेतली. किलोभर फोडींना काट्यानं टोचे मारून रात्रभर निवळीत. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा पोरींना समोर बसवून सांगितलं : फळाच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे, आणि चुन्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. म्हणून पाकात उकळूनही फोड विरघळत नाही. पोरींचं लक्ष साखरेच्या डब्याकडे होतं.

सकाळी फोडी धुतल्या, पाणी बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. मग पारदर्शक होईस्तोवर उकळल्या. पाक मात्र एकदम घट्ट करायचा नाही. घट्ट पाकात फोड टाकली की आत साखर शिरण्याऐवजी फोडीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती सुरकुतते. आज पातळ पाक, उद्या आटवून घट्ट, परवा आणखी.

१७ मे

पेठा जमला. रंग फिकट हिरवट, चावताना करकर, वेलचीचा वास. अर्ध्याची बारीक टुटीफ्रुटी केली. किलोभर फोडींना सव्वा किलो साखर गेली. माझं मत : हा कोहळं वाचवायचा मार्ग नव्हे, साखर खायचा मार्ग आहे. दिवाळीत ठीक. ३१ किलोचा प्रश्न यानं सुटत नाही.

दुधीसारखा हलवाही एका घरी झाला, दुधात आटवून. चांगला होता म्हणतात. मला मिळाला नाही.

१९ मे

चारच्या सुमारास वावटळ, मागोमाग गडगडाट. काचऱ्या गच्चीवर होत्या. पाचही मिनिटं लागली नाहीत, जो तो हाताला येईल तो कागद गुंडाळून खाली. थेंब मोठे पण पाव तासात संपला. थोड्या काचऱ्या शेजारच्या मोगऱ्यात सापडल्या. धुळीच्या म्हणून त्या, आणि आतापर्यंत साठलेल्या साली, दूधवाल्याच्या म्हशींना. तो आधी कुरकुरला, मग उद्या आणखी आहेत का विचारून गेला.

२५ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू. जिन्याखालची कोहळी बघायचा ठरलेला दिवस.

ह्यांच्या पसंतीची मधली तीन : दोघांच्या सालीला सुरकुत्या, एकाला देठाशी पांढरी बुरशी. चिरल्यावर गर कापसागत, चव काहीच नाही. कोवळी असताना रश्शात गेली असती तर सोनं झालं असतं.

तिसऱ्या ढिगातली चार मात्र रंगली. हिरव्यावर बदामी छटा, पिवळा डाग नारिंगी. एक चिरलं. गर केशरी, पण पाणचट, साखर बेताची. बाकर भाजीला चाललं, कारण तिच्यात खसखस, सुकं खोबरं आणि गूळ असतोच. तीच भाजी बाजारातल्या पिकलेल्या कोहळ्याची अधिक खुलली असती, हे ह्यांनी स्वतःच जेवताना सांगितलं. मी काही बोलले नाही, वाढत राहिले.

म्हणजे हिशोब असा : वेल जायच्या वेळी ज्या फळाला पिवळा डाग आलाय आणि देठ वाळलाय, तेवढंच ठेवून बघावं. बाकीचं त्याच आठवड्यात भाजीत, किसात, वाळवणात. वाट बघण्यात ते फळ दोन्हीकडून जातं.

३० मे

सांडगे मोजून वाटले. पावणेदोन किलो भरले. दीड किलो डाळ आणि चार किलो कोहळ्यांचे पावणेदोन किलो, म्हणजे कोहळ्यातून वजनाला पावशेरच्या आतबाहेर आलं. बाकी सगळं पाणी. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग? पाणीच होतं नं त्यात. चव राहिली का नाही?"

राहिली. काल कढीत घातले. आधी तेलात परतून, मग उकळत्या कढीत. फुलले, आत कोहळ्याच्या किसाची रेष दिसते आणि दाताखाली मऊ लागते. नुसत्या डाळीच्या सांडग्यात हा मऊपणा नसतो, तो कोरडाच राहतो. काचऱ्यांची परीक्षा पावसाळ्यात, भाज्या महाग झाल्या की.

८ जून

पुढचं. कच्च्या कोहळ्यांच्या बिया जपून ठेवण्यात अर्थ नाही. आत गरच भरलेला नाही, उगवणार काय? रंगलेल्या चारांच्या बिया धुऊन पाण्यात टाकल्या. बऱ्याच तरंगल्या. बुडालेल्या तेवढ्या राखेत घोळून ठेवल्या आहेत, पण भरवशाला नाही. बी विकतच आणायचं.

वेळापत्रक बदलायचं. फळ एप्रिलच्या आत धरायला हवं असेल तर फेब्रुवारीची लावण उशिराची. डिसेंबरअखेर नागपूरच्या थंडीत मातीत बी टाकलं तर हे बी लवकर उगवत नाही. म्हणून कागदी कपांत, घरात खिडकीशी रोपं करायची, रात्री वरून प्लास्टिक. थंडी सरता सरता प्लॉटवर. आणि मादीफूल उमललं की सकाळी नऊच्या आत नरफूल त्यावर हातानं फिरवायचं, कारण फूल दुपारपर्यंत उघडं राहत नाही आणि आमच्या गल्लीत मधमाश्या कमीच. हे काम भाऊंनी मागून घेतलंय, ते पाचला उठतात.

बोअर खोल करायचं की टाकी बसवायची, याच्यावर रविवारी भाऊंकडे बैठक. वर्गणी कोण किती देणार ते ठरल्याशिवाय चहाला उठायचं नाही, असं काकूंनी आधीच जाहीर केलंय.